दोन तासांमधला श्वास

गेल्या महिन्यात एका शिक्षिका भगिनीचे पत्र आले. नाव छापू नये अशी तिची इच्छा आहे, म्हणून गावही लिहीत नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत ती सातवी-आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. ती लिहिते, "सकाळी साडेसहाला घर सोडते. वर्गात अठ्ठावन्न मुले. मधल्या सुट्टीत पोषण आहाराची नोंद, शाळा सुटल्यावर पोर्टलवर माहिती भरणे, निवडणूक आली की याद्यांचे काम. घरी आल्यावर सासूबाईंची औषधे आणि दोन मुलांचा अभ्यास. हल्ली पेपर तपासायला बसले की एकच उत्तर तीन-तीनदा वाचावे लागते. वर्गात एखादा मुलगा उगाच हसला तरी हात शिवशिवतो. छातीत धडधडते. भावजयीने मोबाईलवर श्वासाचे व्यायाम दाखवले. याने खरेच काही होते, की नुसतीच फॅशन आहे? आणि आपल्या घरात हे चालेल का?"

पत्र एका शिक्षिकेचे आहे, पण बँकेच्या काउंटरवर बसणारा भाऊ, दवाखान्यातली सिस्टर, गॅरेज चालवणारे मामू, घरी शिवणकाम घेणारी खाला, असे कोणीही ते लिहू शकले असते. मी स्वतः वर्गात उभी राहणारी असल्यामुळे उदाहरणे शाळेतलीच देणार आहे. आपापल्या कामाला ती कशी लावायची, हे वाचकांना कळेलच.

ताण आला की शरीरात काय होते

आपल्या शरीरातली बरीच कामे आपल्याला न विचारता चालतात. हृदयाचे ठोके, अन्नपचन, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या यांवर आपला हुकूम चालत नाही. ही कामे सांभाळणाऱ्या मज्जासंस्थेचे दोन भाग आहेत. एक भाग धोका दिसला की शरीराला सज्ज करतो. ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, स्नायू ताठ होतात, श्वास वरवरचा आणि जलद होतो. दुसरा भाग धोका टळला की शरीराला निवांत करतो. ठोके मंदावतात, पचन सुरू होते. समोर साप आला तर पहिला भाग आपला जीव वाचवतो. अडचण अशी, की मुख्याध्यापकांनी "आज चारपर्यंत माहिती पाठवा" म्हटले तरी शरीर तीच तयारी करते. साप निघून जातो, पण चार वाजण्याची वाट शरीर तासन् तास पाहत राहते.

थोडा ताण कामाला मदतच करतो. बी.एड.ला ज्यांनी शैक्षणिक मानसशास्त्र वाचले आहे, त्यांना यर्कस आणि डॉडसन ही नावे आठवतील. १९०८ मध्ये त्यांनी उंदरांवर प्रयोग केले. उत्तेजना मर्यादेत असेपर्यंत शिकणे सुधारते, पण काम अवघड असेल तर तीच उत्तेजना जास्त झाल्यावर शिकणे बिघडते, असे त्यांना दिसले. हजेरी घेणे ताणातही जमते. आठवीच्या मुलाने गणित वेगळ्या रीतीने सोडवले असेल, तर त्याची चूक नेमकी कुठे झाली हे शोधणे ताणात जमत नाही. आपल्या भगिनीला एक उत्तर तीनदा वाचावे लागते, त्याचे कारण इथे आहे. तिची हुशारी कमी झालेली नाही. तिचे शरीर दिवसभर सापासमोर उभे आहे.

श्वासच का?

न विचारता चालणाऱ्या या सगळ्या कामांमध्ये श्वासाची गोष्ट वेगळी आहे. झोपेत तो आपोआप चालतो, कारण त्याची लय मेंदूच्या देठातून येते. पण मनात आणले तर तो आपण रोखू शकतो, लांबवू शकतो, हळू करू शकतो. हृदयाला "हळू चाल" म्हणून सांगता येत नाही, श्वासाला येते. आणि श्वास हळू झाला की हृदय त्याच्यामागे येते.

हे कसे, ते आपल्या मनगटावर तपासता येते. नाडीवर बोट ठेवा आणि सावकाश श्वास घ्या. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद पडतात, बाहेर सोडताना किंचित मंद होतात. कार्ल लुडविग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८४७ मध्येच हा चढउतार यंत्रावर नोंदवला होता. मेंदूपासून छाती आणि पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची एक लांब नस आहे. ती हृदयाच्या ब्रेकचे काम करते. श्वास आत जाताना हा ब्रेक थोडा सैल होतो, बाहेर पडताना पुन्हा लागतो. म्हणून उच्छ्वास लांबवणे हे या व्यायामांचे खरे मर्म आहे. "मोठा श्वास घ्या" असे सगळे सांगतात. खरे तर "सावकाश सोडा" असे सांगायला हवे.

एक गैरसमजही दूर करू. खोल श्वासाने शरीराला भरपूर ऑक्सिजन मिळतो आणि त्यामुळे बरे वाटते, असे बरेच जण म्हणतात. निरोगी माणसाच्या रक्तातले हिमोग्लोबिन साध्या श्वासातही जवळजवळ पूर्ण भरलेले असते. कोविडच्या काळात बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरोघरी आले, त्यावर ९५ ते १०० हा आकडा आपण पाहिलाच आहे. भरलेल्या घागरीत आणखी पाणी मावत नाही. फायदा होतो तो लय मंदावल्यामुळे.

आधी मोजून पाहा

व्यायामाच्या आधी दोन दिवस फक्त निरीक्षण करा. बसून एक मिनिट आपले श्वास मोजा. आत आणि बाहेर मिळून एक. मोठ्या माणसाचे स्वस्थ बसलेले असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास होतात. मोजायला लागले की श्वास आपोआप थोडा बदलतो, त्यामुळे अचूक आकड्याचा हट्ट नको.

मग दिवसभरात तीन वेळा स्वतःकडे लक्ष द्या: गोंगाट चालू असलेल्या वर्गात शिरताना, पोर्टलवर माहिती भरताना आणि घरच्या गॅसजवळ घाईत असताना. बहुतेकांना तीन गोष्टी आढळतील. खांदे कानांकडे चढलेले असतात, पोट आत ओढलेले असते आणि श्वास वरच्या वर चालू असतो किंवा चक्क थांबलेला असतो. स्क्रीनकडे पाहताना नकळत श्वास रोखण्याच्या या सवयीला लिंडा स्टोन या अमेरिकी लेखिकेने २००८ मध्ये 'ईमेल ॲप्निया' असे नाव दिले. आमच्याकडे सर्व्हर बंद पडतो आणि वर्तुळ गोल गोल फिरत राहते, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत हे सहज पाहायला मिळते.

चार साधे व्यायाम

पहिला, पोटाने श्वास. हा पाया आहे. खुर्चीत पाठ टेकून बसा किंवा उताणे झोपून गुडघे वर घ्या. एक हात छातीवर, एक बेंबीवर. नाकाने श्वास घ्या. बेंबीवरचा हात वर यावा, छातीवरचा जवळपास स्थिर राहावा. फुप्फुसांच्या खाली घुमटासारखा एक पातळ स्नायू असतो, त्याला श्वासपटल म्हणतात. तो खाली सरकला की पोट पुढे येते. तान्हे बाळ झोपेत असाच श्वास घेते, पाळण्याजवळ बसून पाहा. मोठेपणी पोट आत ओढून राहण्याची सवय लागते आणि हा श्वास मागे पडतो. रोज झोपताना पाच मिनिटे केले, तर आठवड्या-दोन आठवड्यांत तो परत जमू लागतो.

दुसरा, लांब उच्छ्वास. चार मोजेपर्यंत नाकाने आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. मोजणी घड्याळाच्या सेकंदाइतकी ठेवा. एक श्वास दहा सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला सहा झाले. मोजायला आपल्या हाताची बोटे पुरेशी आहेत. अंगठा सोडून चार बोटांची बारा पेरे होतात. प्रत्येक पेरावर एक श्वास धरला, की बारा श्वासांची बरोबर दोन मिनिटे होतात. पेरांवर मोजायची सवय आपल्या घरांत लहानपणापासून असतेच. सहा मोजेपर्यंत दम पुरत नसेल, तर तीन आत आणि चार बाहेर इथून सुरुवात करा. घुसमट व्हायला नको.

तिसरा, दुहेरी श्वास. राग किंवा घाबरेपणा एकदम वर आला, तर हा कामाला येतो. नाकाने श्वास भरा. भरल्यासारखा वाटला की तोंड न उघडता नाकानेच वर आणखी एक छोटा घोट घ्या. मग तोंडाने हळूहळू सगळा सोडा. दोन-तीन वेळा पुरे. ही नवी युक्ती नाही. आपण दिवसभरात दर काही मिनिटांनी नकळत एक सुस्कारा टाकतच असतो. फुप्फुसांतल्या मिटलेल्या बारीक पिशव्या त्याने पुन्हा उघडतात. रडून शांत होणारे मूलही असेच दुहेरी हुंदके घेते. इथे आपण तेच जाणूनबुजून करायचे.

चौथा, चौकोनी श्वास. एकाग्रतेच्या कामाआधी हा बरा. चार मोजेपर्यंत आत, चार थांबा, चार मोजेपर्यंत बाहेर, पुन्हा चार थांबा. मनात चौकोनाच्या चार बाजू काढत गेले की मोजणी चुकत नाही. अमेरिकेच्या नौदलातल्या खास पथकांच्या प्रशिक्षणात तो वापरला जातो. यात श्वास थांबवायचा असतो, म्हणून रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर हा सोडून द्यावा. दुसरा व्यायाम पुरेसा आहे.

एकाग्रतेचा फायदा कुठून येतो, हेही समजून घेऊ. एक वाटा शरीर निवांत होण्याचा. दुसरा वाटा मोजणीचा. पाचव्या-सहाव्या श्वासाला मन बाजारात निघून जाते. डाळ संपली आहे, हप्ता भरायचा आहे, मुलीची फी राहिली आहे. हे सगळ्यांचे होते. मन गेलेले लक्षात आले की त्याला न रागावता पुन्हा एकपासून मोजायला लावायचे. गेलेले लक्ष परत आणणे हाच सराव आहे. पेपर तपासताना नेमके तेच करावे लागते.

शाळेच्या दिवसात हे बसवायचे कुठे?

आपल्या भगिनीकडे स्वतंत्र अर्धा तास नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून जागा शोधून देते.

वर्गाच्या दारात. एक तास संपून दुसऱ्या वर्गाकडे जाताना व्हरांड्यात वीस-तीस पावले चालावी लागतात. मागच्या वर्गाचा राग घेऊन पुढच्या वर्गात शिरलो, तर त्या मुलांचा काय कसूर? दारात तीन लांब उच्छ्वास. अर्धे मिनिट लागते.

प्रश्न विचारल्यावर. ही जागा मला सगळ्यात मोलाची वाटते. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या सुमारास विज्ञानाच्या वर्गांमध्ये शिक्षकांची संभाषणे टेप करून अभ्यासली. प्रश्न विचारून झाल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एकच सेकंद थांबतात, मग स्वतः उत्तर देतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात, असे त्यांना आढळले. हाच वेळ तीन सेकंद किंवा अधिक केला, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, गप्प बसणाऱ्या मुलांनी हात वर केले, "येत नाही" म्हणणारे कमी झाले. तीन सेकंद थांबा, हे बी.एड.ला आम्हीही शिकलो. पण अठ्ठावन्न मुलांसमोर तीन सेकंदांची शांतता फार लांब वाटते. त्याला उपाय असा: प्रश्न विचारा आणि पोटाने एक उच्छ्वास पूर्ण सोडा. तो संपेपर्यंत बोलायचे नाही. बाईंचाही श्वास होतो आणि मागच्या बाकावरच्या मुलीला विचार करायला वेळही मिळतो.

आवाज चढवण्याआधी. आवाज उच्छ्वासावर निघतो. घशातल्या स्वरतंतूंना खालून येणारी हवा कंप देते. छाती वरच्या वर हलत असेल तर हवा कमी पडते आणि आपण घसा आवळून ओरडतो. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत निम्म्या शिक्षकांचे घसे बसतात, त्याचे एक कारण हे आहे. पोट भरून श्वास घ्या आणि वाक्य लहान ठेवा. कमी ओरडून आवाज मागच्या भिंतीपर्यंत जातो.

हात उचलण्याआधी. शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, दोन्हीला मनाई केली आहे. कायदा नसता तरी मुलाच्या मनावरचा वळ लवकर जात नाही. राग येण्यावर आपला ताबा नसतो. पण राग आणि हात यांच्यामध्ये दोन दुहेरी श्वास बसू शकतात. ते घेताना फळ्याकडे वळा, खडू उचला, तारीख लिहा. मुलांना वाटते बाई लिहीत आहेत. बहुतेक वेळा तेवढ्यात शब्द सापडतात.

पेपर तपासताना. दहा पेपरांचा एक गठ्ठा करा. गठ्ठा संपला की लाल पेन खाली ठेवून दोन मिनिटे, बारा पेरे. त्यामुळे एकूण वेळ वाढेल अशी भीती वाटते. पण उत्तर तीनदा वाचावे लागत असेल, तर वेळ आधीच वाढलेला आहे. शिवाय पन्नासाव्या मुलाच्या पेपरलाही पहिल्या मुलाच्या पेपराइतकेच ताजे डोळे मिळणे हा त्याचा हक्क आहे.

घराच्या दारात. चपला काढण्याआधी, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, पाच श्वास. शाळेत दिवसभर दाबलेला आवाज बहुतेक वेळा आपल्याच मुलांवर निघतो. ती आपली वाट पाहत असतात आणि आपल्याला घाबरूनही असतात. ही पायरी मला सगळ्या व्यायामांत महत्त्वाची वाटते.

संशोधन काय म्हणते?

भगिनीने विचारले आहे की ही फॅशन आहे का. फॅशन झाली आहे, हे खरे. पण त्यात तथ्यही आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. शंभरावर लोकांनी महिनाभर रोज पाच मिनिटे सराव केला. काहींनी तीनपैकी एक श्वासाचा व्यायाम, काहींनी नुसते ध्यान. चिंता सगळ्याच गटांत कमी झाली. मन प्रसन्न राहण्यात श्वासाचे व्यायाम ध्यानाच्या पुढे होते आणि त्यांतही लांब उच्छ्वासाचा दुहेरी श्वास पुढे होता.

त्याच वर्षी ब्रिटनमधल्या संशोधकांनी १२ चाचण्यांमधल्या ७८५ लोकांची माहिती एकत्र केली. श्वासाच्या सरावाने ताण कमी होतो, पण परिणाम लहान ते मध्यम आहे, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. गाजावाजा पुराव्याच्या पुढे जाऊ नये, असा इशाराही त्यांनी दिला. त्यांच्याच दुसऱ्या एका चाचणीत ४०० लोक होते. काहींनी मिनिटाला साडेपाच श्वासांची संथ लय धरली, काहींनी बारा श्वासांची साधी लय. महिन्याने दोन्ही गटांना बरे वाटत होते आणि दोघांमध्ये फरक दिसला नाही. यावरून मी इतकेच घेते, की लयीच्या आकड्यापायी जीव काढू नये. रोज दहा मिनिटे काम खाली ठेवून एका जागी बसणे, यातही मोठी शिफा आहे.

"आपल्या घरात चालेल का?"

हा प्रश्न बऱ्याच घरांत मनात असतो, म्हणून मोकळेपणाने लिहिते. श्वासाचे व्यायाम म्हटले की आपल्याकडे योगासने आणि प्राणायाम आठवतात. ते साहजिक आहे. या देशात त्याचा अभ्यास फार जुना आहे. आपल्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू केले आणि या क्रिया यंत्रांनी मोजून तपासायला सुरुवात केली. पण वर सांगितलेल्या चार व्यायामांत कोणताही मंत्र नाही, कोणापुढे नमणे नाही. मोजणी आहे आणि पोटाचा स्नायू आहे. प्रसूतीच्या वेळी सिस्टर "लांब श्वास सोडा, बाई" म्हणते, दम्याच्या दवाखान्यात ओठ चिमटून श्वास सोडायला शिकवतात, त्याच जातीचे हे काम आहे.

इटलीतल्या संशोधकांचा २००१ चा एक अभ्यास इथे सांगण्याजोगा आहे. त्यांनी २३ निरोगी माणसांना आधी ख्रिस्ती जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली, मग एक बौद्ध मंत्र. दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदय व रक्तदाब यांची लय जुळली. शब्द वेगळे, भाषा वेगळ्या, शरीराने मात्र दोन्ही वेळा संथ लयीला सारखाच जबाब दिला. सावकाश तिलावत करणाऱ्या घरातल्या बुजुर्गांच्या श्वासाकडे कधी लक्ष देऊन पाहा. मी शिक्षिका आहे, मसअला सांगणे माझे काम नाही. ज्यांना शंका उरते त्यांनी आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे. शरीराची बाजू मी मांडली.

काळजी कुठे घ्यायची

डोके हलके झाले, ओठांभोवती किंवा बोटांत मुंग्या आल्या, तर आपण फार जोरात किंवा फार भराभर श्वास घेत आहोत. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि चक्कर येते. थांबा, साध्या श्वासावर या. मोबाईलवर भराभर श्वास घ्यायचे काही प्रकार दाखवतात, ते जाणकाराशिवाय करू नका. स्कूटर चालवताना श्वास रोखण्याचा कोणताही प्रयोग नको. रोज्यात घसा कोरडा आणि पोट रिकामे असते, तेव्हा फक्त दुसरा व्यायाम, तोही बसून, थोडा वेळ. दमा, हृदयविकार किंवा फेफरे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

आणि भगिनी, छातीतली धडधड फक्त ताणाची आहे असे गृहीत धरू नका. रक्त कमी असले की धडधड होते, थकवा येतो, लक्ष लागत नाही. थायरॉईड वाढले तरीही होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्तक्षय आढळला आहे. हिमोग्लोबिन आणि थायरॉईडची तपासणी एकदा करून घ्या. छातीत दुखून हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर श्वासाचे व्यायाम करत बसू नये, सरळ दवाखाना गाठावा.

झोप उडाली असेल, दोन-तीन आठवडे मन उदास असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फोन मोफत आहे, मराठीत बोलता येते. मदत मागण्यात शरम कसली? ताप आला तर आपण डॉक्टरकडे जातोच.

श्वासाने होत नाही ते

श्वासाने अठ्ठावन्न मुलांची पस्तीस होत नाहीत. पोर्टल आपोआप भरत नाही. "ताण येतो? मग दीर्घ श्वास घ्या" असे म्हणून कोणी कामाचा बोजा तसाच ठेवत असेल, तर ती फसवणूक आहे. मन जरा शांत झाले की त्या शांतपणाचा उपयोग बोलण्यासाठी करावा. कोणते काम किती वेळ खाते, हे एक आठवडा वहीत लिहा. ती वही घेऊन मुख्याध्यापकांकडे जा. नोंदींचे काम आळीपाळीने करता येईल का, ते विचारा. एकटीने न जाता दोघी-तिघींनी मिळून जा. रागाने मांडलेले गाऱ्हाणे लोक विसरतात. आकड्यांनी मांडलेले विसरणे अवघड जाते.

घरातही तसेच. सासूबाईंच्या गोळ्या वेळच्या वेळी देणे आठवीतल्या मुलाला जमते. धाकटीचा पाढा वडील ऐकू शकतात. या ओळी वाचणाऱ्या भावांना माझी विनंती आहे. बायको, बहीण किंवा सून कामावरून घरात आल्यावर पहिली दहा मिनिटे तिला काही विचारू नका, काही मागू नका. चहा ठेवता आला तर ठेवा. तिचे पाच श्वास पायरीवर होतात, उरलेले तुमच्यामुळे होतील.

या आठवड्याचा गृहपाठ

शनिवार-रविवार फक्त मोजा. सोमवारपासून रोज रात्री पोटाने श्वास, पाच मिनिटे. बुधवारपासून दिवसात एकच जागा निवडा, वर्गाचे दार, पेपरांचा गठ्ठा किंवा घराची पायरी, आणि तिथे लांब उच्छ्वास न चुकता करा. दुसरी जागा पहिली पक्की झाल्यावरच. भिंतीवरच्या कॅलेंडरवर केलेल्या दिवसाला टिंब द्या. एखादे टिंब राहिले तर दुसऱ्या दिवशी दोनदा करू नका, नेहमीसारखे एकदाच करा.

तीन आठवड्यांनी कॅलेंडर पाहा आणि मला लिहा. टिंबे किती झाली हे कळवाच. पण त्याआधी घरातल्या मुलांना विचारा, "अम्मी हल्ली कमी ओरडते का?" आणि ती जे सांगतील ते जसेच्या तसे लिहा.